संशोधकाची मजुरी

पीएच.डी.च्या फेलोशिपचा विषय आपल्याकडे हिवाळ्यात तापतो. नागपूरला अधिवेशन भरते, कुणी प्रश्न विचारते, कुणी फटकन उत्तर देते आणि मग पंधरा दिवस दोन्हीकडून धुरळा उडतो. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मराठा-कुणबी समाजासाठीच्या 'सारथी' या शासकीय संस्थेच्या फेलोशिपधारकांची संख्या २०० वर आणण्याचा मुद्दा निघाला. तेव्हा 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार?' हा सवाल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या तोंडून आला आणि तो अजून फिरतोच आहे. त्यानंतर एकाच घरातले चौघे-पाच जण महिन्याच्या ४२ हजारांसाठी पीएच.डी.ला नाव घालतात, अशीही तक्रार ऐकू येऊ लागली. चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत मी हा वाद ऐकला आहे. दोन्ही बाजू तो वाईट पद्धतीने लढवतात, असे माझे मत झाले आहे.

एक बाजू म्हणते, हा करदात्यांच्या पैशांचा चुराडा आहे. दुसरी बाजू म्हणते, हा आमचा अपमान आहे, आणि लगेच थोरामोठ्यांच्या नावांची यादी वाचून दाखवते. या सगळ्यात पीएच.डी. करणारी पोरे रोज सकाळी उठून नेमके काय करतात, हे कुणीच सांगत नाही. ती शिकतात, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एकाला फेलोशिप खैरात वाटते आणि दुसऱ्याला हक्काची मदत. माझे म्हणणे वेगळे आहे. वर्ग, परीक्षा आणि कोर्सवर्क संपले, विषय मंजूर झाला, की तो विद्यार्थी उरत नाही, तो काम करणारा माणूस होतो. फेलोशिप ही त्या कामाची मजुरी आहे. मजुरी ठरल्या दिवशी द्यायची असते आणि दिल्यावर कामाचा चोख हिशेब मागायचा असतो. आपण मजुरी वेळेवर देत नाही, आणि हिशेब मागतो तोही कामाचा नाही, कागदांचा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि गाइड आहे. माझ्या हाताखाली एका मुलीने माण तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीवर काम केले. बेचाळीस विहिरी, दर पंधरवड्याला एक फेरी, तीन वर्षे. तिची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. लांबट हिशेबाची वही, पुठ्ठ्याला खाकी कागद, आत बॉलपेनने आखलेले रकाने: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, मोटर चालू की बंद, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'मालक भेटले नाहीत', 'काल रात्री पाऊस', 'गाळ काढणे चालू' असल्या नोंदी. उन्हात टेप सोडून वाकून पाहायचे, आकडा मोठ्याने म्हणायचा, मग लिहायचा, अशी तिची पद्धत होती. मोठ्याने म्हणून लिहिले की आकड्यांची उलटापालट होत नाही, हे तिने स्वतःच शोधून काढले होते.

त्या वहीत दोन ठिकाणी खंड आहे. पहिला नोव्हेंबर २०२१ नंतरचा. एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला आणि आतल्या वाड्यावस्त्यांवर जायला दुसरी सोय नव्हती. शेवटी भावाची मोटरसायकल घेऊन तिने फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. दुसरा खंड २०२२ च्या पावसाळ्यातला. तिला एका संस्थेची फेलोशिप होती आणि तिचे हप्ते आठ महिने आलेच नाहीत. कागद अपुरे होते म्हणावे, तर तसेही नव्हते. हजेरीपत्रक, प्रगती अहवाल, घरभाड्याची पावती, माझी सही, केंद्राचा शिक्का, सगळे वेळेत गेले होते. पेट्रोलचे पैसे संपले आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिची एकही फेरी झाली नाही. भूजलाच्या अभ्यासात तेच दिवस सोन्याचे. पाऊस मुरतो किती, विहीर भरते किती दिवसांत, खडकाच्या कुठल्या थरातून पाणी येते, हे त्या अडीच महिन्यांत कळते. थकलेले हप्ते पुढे एकगठ्ठा तिच्या खात्यात जमा झाले. तो पावसाळा मात्र कुठून जमा होणार?

हा एका मुलीचा प्रश्न आहे असे कुणी म्हणेल, म्हणून त्या रिकाम्या पानांची किंमत सांगतो. जलयुक्त शिवार अभियानावर राज्याने सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च केले. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला. एवढ्या खर्चाने भूजलाची पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर जोरदार राजकारण झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरूही झाला. पाणी मुरले की नाही, या प्रश्नाचे उत्तर भाषणांत सापडत नाही, ते असल्या वहीतच सापडते. हजारो कोटींचे काम नीट झाले का, हे सांगू शकणारी वही पेट्रोलच्या पैशांअभावी अर्धवट राहते. या व्यवहारात उधळपट्टी कोणती, आणि काटकसर कोणती?

आता विरोधकांचे जे खरे आहे ते मान्य करतो, आणि हातचे राखून न ठेवता करतो. पीएच.डी.च्या नावाखाली भरपूर कचरा तयार होतो. मी बाह्यपरीक्षक म्हणून असे प्रबंध पाहिले आहेत की ज्यांत तालुक्याचे नाव बदलले की दुसरा प्रबंध तयार. प्रश्नावली तीच, तक्ते तेच, 'निष्कर्ष व शिफारशी'तली वाक्येही तीच. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारी माणसे आहेत, हे आपल्या क्षेत्रात कुणालाही ठाऊक नाही असे नाही. काही जण फेलोशिपकडे बेकारभत्ता म्हणून पाहतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू ठेवायला तिचा आधार घेतात, हेही खरे आहे. संख्या तर झपाट्याने वाढली. देशात पीएच.डी.ला नोंदणी केलेले २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होते, २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. त्या प्रमाणात चांगले गाइड, प्रयोगशाळा, ग्रंथालये वाढली का? नाही वाढली. तेव्हा दर्जाची चिंता करणारा माणूस संशोधनाचा शत्रू आहे, असे मी म्हणणार नाही. मलाही तीच चिंता आहे.

पण हा कचरा कुठून आला? पगारवाढ आणि पदोन्नती पदवीला बांधली कुणी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१० च्या नियमांत शोधनिबंधांना गुण देऊन संशोधनाचा बाजार मांडला कुणी? यूजीसीने २०१८ मध्ये जाहीर केले की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची. हे वाचून राज्यातल्या हजारो पोरांनी नोकरी मिळवायची म्हणून नोंदणी केली. मग ती मुदत २०२३ पर्यंत पुढे गेली, आणि जुलै २०२३ मध्ये सक्तीच रद्द झाली, नेट-सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी ठरली. ज्याने २०१८ च्या नियमावर विसंबून आयुष्याची पाच वर्षे लावली त्याला आज आपण विचारतो, 'तुला संशोधनाची खरी आवड होती का?' त्याला आवड विचारलीच कधी होती?

शोधनिबंधांचेही तसेच. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणा, असा नियम होता. नियम आला की दुकाने आली. हजार-दोन हजार रुपये भरा आणि आठवड्यात 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात छापून घ्या. यूजीसीच्याच मान्यताप्राप्त यादीत अशी नियतकालिके शिरली आणि मे २०१८ मध्ये त्या यादीतून एका झटक्यात ४,३०५ नावे काढावी लागली. मग मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली. २०२२ च्या नियमांनी निबंधाची सक्ती उठवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. म्हणजे एका संशोधकाची नोंदणी ते व्हायवा एवढ्या काळात चांगल्या संशोधनाची सरकारी व्याख्या तीन-चारदा बदलली. शेताच्या बांधावर रोज नवा दगड रोवायचा आणि शेतकऱ्याला म्हणायचे की तुझा नांगर सरळ चालत नाही! पोरांनी पळवाटा शोधल्या, ही त्यांची चूक आहेच. ती चूक झाकण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण ती दुरुस्त करायची तर नियम करणाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. फेलोशिप बंद करून तिची दुरुस्ती कशी होणार? फेलोशिप गेली तर विकतचा प्रबंध लिहून घेणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, कारण त्याला विहिरीवर जायचेच नसते. जो खरोखर जातो त्याचे बिघडते.

दुसरा आक्षेप नोकऱ्यांचा. एवढे डॉक्टर करून पुढे काय? बाजारात मागणी आहे का? वरवर पाहता प्रश्न रास्त वाटतो. पण महाराष्ट्रात या लोकांना कामावर घेणारा सर्वांत मोठा मालक कोण? अनुदानित महाविद्यालये आणि अकृषी विद्यापीठे, म्हणजे अखेर शासनच. तिथल्या हजारो मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि त्याच जागांवरचे काम तासिका तत्त्वावर रेटले जाते. पस्तिशीतला डॉक्टर, सेट-नेट झालेला, दोन महाविद्यालयांत मिळून आठवड्याचे तास भरतो, मे महिन्यात त्याला पैसे नाहीत, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. म्हणजे शिकवायला विद्यार्थी आहेत, शिकवणारा आहे, जागाही मंजूर आहे. दार ज्याने बंद ठेवले आहे त्यानेच दाराबाहेरच्याला विचारावे की तू इथवर आलास कशाला?

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: उपयोग काय? इथे मला २०२३ चाच एक प्रसंग आठवतो, आणि त्या वादात तो कुणी कसा मांडला नाही याचे अजून आश्चर्य वाटते. त्या वर्षी सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या प्रश्नात मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख, शाळांचे जुने दाखले, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, सगळी दप्तरे बाहेर निघाली. आणि मग लक्षात आले की जुने कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांचा शोध सुरू झाला. राज्यातल्या सर्वांत ज्वलंत राजकीय प्रश्नाची किल्ली अचानक अशा लोकांच्या हाती आली की ज्यांना आदल्या वर्षीपर्यंत नातेवाईक विचारत होते, 'मोडी शिकून पोट भरणार का?' त्यांतले काही जण पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, सोडून बसलेले, कधी देवस्थानांच्या जमाखर्चावर तर कधी एखाद्या परगण्याच्या सारापट्टीवर प्रबंध लिहिणारे. ते जेव्हा तो विषय घेत होते तेव्हा त्यांना, त्यांच्या गाइडला किंवा शासनाला, कुणाला माहीत होते की याची गरज अशी पडेल? आणि ज्या मोसमात शासन मोडी वाचक शोधत होते, त्याच मोसमात सभागृहात दिव्यांचा प्रश्न विचारला गेला.

उपयोग आधी ठरवता येत नाही, याचा अर्थ काहीही चालेल असा नव्हे. याचा अर्थ इतकाच की काम नीट चालले आहे का हे तपासता येते, ते कुठे पोहोचेल हे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. तो दर्जा मागताना आपण नाणेघाटातला शिलालेख पुढे केला, गाथासप्तशती पुढे केली. आता त्या शिलालेखाची ब्राह्मी वाचणारी, महाराष्ट्री प्राकृतात पाच-सात वर्षे बुडून राहणारी पंचविशीतली मुले-मुली कुठून येणार? डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगाव हिंडून, म्हाताऱ्यांपुढे रेकॉर्डर धरून, एकेका क्रियापदाचे रूप विचारत बसायचे ते काम. भाषेचा अभिमान भाषणात दोन मिनिटांत व्यक्त होतो, पण एका बोलीचे व्याकरण नोंदवायला तरुण वयाची काही वर्षे द्यावी लागतात.

शास्त्रांचीही तीच गत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीच्या कड्यांवर, सड्यांवर वर्षानुवर्षे पावसात हिंडून कंदीलपुष्पाच्या जाती नोंदवल्या, काही तर विज्ञानाला नव्या होत्या, आणि विद्यापीठाच्या बागेत त्या जपल्या. जूनमध्ये शिष्यवृत्ती अडकली म्हणून पावसाळा चुकला, तर ते फूल पाहायला पुढच्या वर्षीपर्यंत थांबावे लागते. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत. तिथल्या नोंदी युरोपातल्या गटाच्या नोंदींना जोडून २०२३ च्या जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला गेला. त्या कामाचा जीव कशात आहे? ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणाऱ्या त्याच त्या स्पंदक ताऱ्यांकडे वर्षानुवर्षे खंड न पडू देता पाहत राहण्यात. माणमधली विहीर असो नाहीतर आकाशातला स्पंदक तारा, नोंद सलग असावी लागते. आणि नोंद सलग राहायची तर नोंद घेणाऱ्याचे जेवणही सलग चालायला हवे.

यावर जुनी माणसे म्हणतात, आमच्या काळी कुठे होत्या फेलोशिपा? इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले, बावीस खंड काढले, त्यांना कुणी दरमहा पैसे दिले? हा आक्षेप मला सर्वांत जास्त विचारात पाडतो, कारण राजवाड्यांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्या काळातली नावे जरा घरादारासकट पाहू. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन प्रबंध लिहिला. युरोपीयांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असल्या कल्पनेला आधार मिळावा ही त्यांच्या मार्गदर्शकाची, ऑयगेन फिशर यांची, अपेक्षा होती. कवट्यांनी तसे काही सांगितले नाही आणि इरावतीबाईंनीही सांगितले नाही. पंचविशीतल्या एका मराठी बाईने जर्मनीत बसून, आपली पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच सिद्धांताविरुद्ध आकडे मांडले. हा कणा त्यांचा स्वतःचा. पण त्या रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या होत्या आणि कर्व्यांच्या घरात आल्या होत्या, हेही खरे. १९३३ मध्ये बंगळुरूच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारल्यावर कमला भागवत, पुढच्या सोहोनी, हटून बसल्या आणि शेवटी केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांच्या घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर होते. दामोदर धर्मानंद कोसंबींनी जुन्या नाण्यांची वजने करून इतिहास वाचला तो फर्ग्युसनमधली गणिताची नोकरी सांभाळून. यातल्या कुणाच्याही मोठेपणाला मी हात लावत नाही. मी फक्त विचारतो: ज्याच्यामागे असे घर नव्हते, त्याचे काय झाले?

त्याचे उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे, पण आपण त्याचा हिशेबाचा भाग विसरतो. १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाला अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षे चाकरी लिहून घेतली. कोलंबियातले काम आटोपून ते १९१६ मध्ये लंडनला पोचले, प्रबंधाला लागले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना अर्ध्यातून परतावे लागले. त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके युद्धात समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, तो अपमान सर्वज्ञात आहे. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये लंडनला परत जाता आले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पूर्ण झाला. पुढे तीनच वर्षांत चलनविषयक रॉयल कमिशनसमोर त्यांची साक्ष झाली.

या गोष्टीतून लोक नेहमी जिद्द काढतात. मला त्यात तीन वर्षे दिसतात. १९१७ ते १९२०. पैसे संपल्यामुळे त्या बुद्धीच्या माणसाची तीन वर्षे प्रबंधापासून लांब गेली. त्यांनी ती भरून काढली, कारण ते आंबेडकर होते. ज्यांना भरून काढता आली नाहीत त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. आज अनुसूचित जातींसाठीची 'बार्टी' ही संस्था त्यांच्या नावाने आहे आणि 'सारथी' शाहू महाराजांच्या. ज्या दोघांच्या आयुष्यात अर्धवट तुटलेली शिष्यवृत्ती आणि वेळेवर पोचलेली मदत यांतला फरक एवढा स्पष्ट दिसतो, त्यांच्याच नावाच्या संस्थांच्या फेलोशिपांसाठी पोरांना आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागावे, ही गोष्ट मला फार लागते.

'प्रत्येक जण आंबेडकर होत नाही,' हे उत्तर मला ठाऊक आहे. नाही होत. माझी विहिरीवाली मुलगीही होणार नाही आणि तिला तसे व्हायचेही नाही. विज्ञान काय, इतिहास काय, बहुतेक काम साध्या माणसांनी केलेल्या साध्या, नीट, खऱ्या नोंदींवर उभे असते. शंभर चांगले साधे प्रबंध असतात तेव्हा त्यांच्या खांद्यावर एखादा मोठा उभा राहतो. उसाच्या प्रत्येक कांडीला विचारत नाहीत की तू साखरेचे पोते देणार का.

पैसे मर्यादित आहेत, हे मात्र मान्य. शासनाने वर्षाला २०० जणांनाच फेलोशिप द्यायची ठरवली, तर मला तो आकडा तुटपुंजा वाटेल, मी विरोध करीन, पण असा आकडा ठरवण्याचा अधिकारच नाही असे म्हणणार नाही. मुद्दा वेळेचा आहे. आकडा नोंदणीच्या आधी जाहीर करायचा असतो. इथे मुले पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, देतात, मुलाखत देतात, विषय मंजूर करून घेतात, कुणी नोकरी सोडतो, कुणी गाव सोडून शहरात खोली घेतो, आणि मग वर्ष-दीड वर्षाने कळते की आता चाळणी परीक्षा होणार. त्याच डिसेंबर २०२३ मध्ये चाळणी परीक्षा झाली, प्रश्नपत्रिकेवरून गदारोळ झाला, मुलांनी बहिष्कार घातला. जानेवारीत फेरपरीक्षा झाली, तेव्हाही तेच. रोजगार हमीच्या कामावरसुद्धा माणसाला खणायला लावून दुपारी सांगत नाहीत की आता मजुरी कुणाला द्यायची याची चिठ्ठी काढू.

मजुरी हा शब्द माझ्या काही मित्रांना खटकतो. त्यांच्या मते संशोधन ही साधना आहे. मलाही ती साधनाच वाटते. पण कीर्तनकाराला बिदागी देताना त्याची भक्ती कमी झाली असे आपण मानत नाही. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, त्याला सुट्ट्या असतात, निवृत्तिवेतनाची कपात असते. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबरात ४८ हजार संशोधक आणि अध्यापन-साहाय्यक संपावर गेले आणि वेतनवाढ घेऊनच परतले. श्रीमंत देशांची तुलना नको, असे म्हणता येईल. ठीक. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाने संशोधन आणि विकासावर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च केला, एवढे मात्र ध्यानात ठेवू, म्हणजे फार उधळण चालली आहे हा गैरसमज तरी जाईल.

आणि हिशेब? तो मागाच. मी तर म्हणतो, आजच्यापेक्षा कडक मागा. आज आपण इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत आहे का ते यंत्रावर तपासतो आणि प्रबंध न वाचताच बाजूला ठेवतो. त्याऐवजी वर्षातून एकदा संशोधकाने आपली वही, आपल्या ध्वनिफिती, प्रयोगशाळेचे रजिस्टर घेऊन तीन जाणकारांपुढे बसावे. मूळ नोंदी दाखवता येत नसतील तर त्याच दिवशी फेलोशिप थांबवा, मी टाळ्या वाजवीन. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारावर चढवला जातो तसा परीक्षकांचा अहवालही तिथे चढवा, म्हणजे भिकार प्रबंध कुणी पास केला ते दिसेल. ज्या गावात, ज्या लोकांत काम केले त्यांच्यासाठी दहा पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करा. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार संशोधक घेता येतात. त्यातल्या किती जणांच्या कामाच्या जागी गाइड स्वतः जाऊन आला, हेही विचारा. आमच्यातले अनेक जण त्या प्रश्नाला घाबरतील आणि घाबरायलाच हवे. पण हे सगळे विचारण्याचा अधिकार त्यालाच आहे ज्याने महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे दिले आहेत.

त्या मुलीची व्हायवा झाली त्या दिवशी बाह्यपरीक्षकांनी पाणीपातळीचा आलेख पडद्यावर थांबवायला सांगितला. तिसऱ्या ओळीतली रेघ जुलैत तुटते आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते. 'इथे काय झाले?' त्यांनी विचारले. प्रश्न अगदी योग्य होता, मीही तोच विचारला असता. सभागृहात तिचे आई-वडील होते, विभागातली पोरे होती, चहा-समोसे मागे झाकून ठेवले होते. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'सर, त्या काळात एसटीचा संप होता.' संप एप्रिलमध्येच मिटला होता. परीक्षकांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. उत्तर मला माहीत होते. मीही बोललो नाही.